गब्दूचा घास

१

वाडग्यात दूध नव्हतं, आणि हे कुणालाच खटकलं नव्हतं.

पोलिसांच्या कागदांत बाकी सगळं होतं. नऊ वर्षांची मुलगी, ठकी, शेंगदाण्याचं जन्मापासून वावडं. टेबलावर संगणक, शेजारी 'कुडुमकुडुम'चा फोडलेला खोका. म्हणजे सकाळी दुधात घालून खायच्या मक्याच्या चकत्या, त्यांत शेंगदाण्याचे तुकडे. घसा सुजला, श्वास अडकला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. खाली एक ओळ: आईचा हलगर्जीपणा. मी अर्धं आयुष्य पोलिसांत काढलंय, अशा ओळी कशा लिहिल्या जातात ते जवळून पाहिलंय. लिहिणाऱ्याची जेवायची वेळ झाली की निष्कर्ष लवकर निघतात.

त्या ओळीवर ठकीच्या आईचं सगळं अडकलं होतं. नवरा धाकट्या मुलाला उचलून आपल्या आईकडे निघून गेला होता. जिला एक लेकरू सांभाळता आलं नाही तिच्याकडे दुसरं ठेवू नये, असा अर्ज त्याने कोर्टात केला होता. बाळ जेमतेम चालायला लागलेलं. तिचे वकील माझ्या ओळखीचे, त्यांनी मला पाठवलं. निवृत्त झाल्यापासून मी अशा चौकशा करते, कारण घरी बसले की मी घरच्यांची चौकशी करते आणि ती त्यांना झेपत नाही.

दार उघडणारी बाई माझ्या लेकीच्या वयाची होती. केस विंचरलेले, कपडे नीट, पण डोळे असे की मी नजर दुसरीकडे वळवली.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"चहा नंतर. आधी टेबल दाखवा."

न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली चिंचोळी खोली होती. खिडकीखाली टेबल, उंची पुरावी म्हणून खुर्चीवर दोन उशा. पोलिसांनी वाडगा आणि खोका नेला होता. बाकीचं तसंच होतं. अर्धा टोस्ट. सुकून काळं पडलेलं गाजर, त्यावर दातांच्या खुणा. आणि शेंडा चावून चावून फाटलेली एक पेन्सिल.

"मला हे उचलवत नाही," ती म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, पोर उपाशी होती म्हणून सापडेल ते खात होती. उपाशी? त्या दुपारी दोनदा भात मागून घेतला तिने."

"आणि हा खोका घरात आला कसा? तुम्हाला वावडं माहीत असताना?"

"तिच्या काकाने वाढदिवसाला दिला, खेळाचा आकडा असतो आत म्हणून. आकडा काढून घेतला आणि खोका कपाटावर ठेवला, पिशवी न फोडता. टाकूनच देणार होते, पण वर त्या खेळातल्या गब्दूचं चित्र आहे ना, तिने टाकू दिला नाही. ताई, माझी ठकी कुणाच्या घरी गेली तर बिस्किटाचा पुडा उलटा करून मागचं सगळं वाचायची, मग खायची. लोक हसायचे तिला. ती असं नाही करणार."

मी तिच्यासमोर वाडग्याचा फोटो ठेवला. आत चकत्यांचा ओला चुरा होता, वाडग्याच्या कडेला छोट्या छोट्या ढिगल्या करून.

"उलटी झाली असं लिहिलंय," ती हळूच म्हणाली.

"उलट्या मी पुष्कळ पाहिल्यात. त्या अशा शिस्तीत होत नाहीत. तिने चावून थुंकलंय हे. कोरडं चावलं, थुंकलं, पुन्हा चावलं. गिळायचं नव्हतंच तिला."

"मग चावलं कशाला?"

मी विचारलं, "तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

"बाळाला आंघोळ घालत होते. सासूबाई म्हणतात, फोनवर बोलत बसले होते. साक्षीदार कुठून आणू? बाळ का बोलणार आहे?" ती उठली. मग दाराची कडी लागली आहे का ते बघून आली, घरात दुसरं कुणी नसताना. "एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. वकिलांनाही नाही. मी आतून तिला हाक मारली, ठके, टॉवेल आण. आली नाही. पुन्हा मारली. तेव्हा मी ओरडले, बहिरी झालीस का गं? ती तिथे श्वासासाठी तडफडत होती आणि मी तिला बहिरी म्हणाले. हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं."

"माझ्यापाशीच राहील," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग तिने संगणक चालू करून दिला; त्या दिवसापासून तो बंदच होता आणि इंटरनेटही तोडलेलं. ठकीचा खेळ अजून तिच्याच नावाने उघडत होता. पडद्यावर अस्वलाचं पिल्लू आलं. खोक्यावरचा गब्दू गोलमटोल होता. या गब्दूच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. तो पोट धरून बसला होता आणि लहान मुलाच्या आवाजात म्हणत होता, "भूक लागली. तू खा ना, मग मी खाईन."

२

'हिरवं बेट' हे मुलांचं संगणकातलं जग. मुलं तिथे घर बांधतात, मासे पकडतात, एखादं पिल्लू पाळतात. त्या बेटावर कुडुमकुडुमवाल्यांनी पुरस्कृत केलेले काही छोटे खेळ होते. त्यातला सगळ्यांत लाडका 'गब्दूचा घास'. संगणकाच्या मायक्रोफोनला कान असतो. मूल इकडे कुरकुरीत काही चावतं, तो आवाज ऐकून गब्दू तिकडे घास घेतो. आकडा नसेल तर गब्दू मिळत नाही, आणि आकडा खोक्यात.

बेट चालवणारं कार्यालय एका उंच इमारतीत होतं. आत शिरताच भुईपासून छताला लागलेले कुडुमकुडुमचे खोके, भिंतीसारखे रचलेले. प्रत्येकाच्या टेबलावर वाडगा. माणसं काम करता करता मूठमूठ तोंडात टाकत होती. सगळीकडून नुसता कुरूमकुरूम आवाज. मला त्या खोलीत बसवेना.

प्रमुखाला सगळे कप्तान म्हणत. मुलांशी बोलून बोलून मोठ्यांशीही तसंच बोलायची त्याला सवय लागली होती.

"आपण एक गंमत करून बघू या का?" तो मला म्हणाला.

"मला गमती फारशा मानवत नाहीत. पण करा."

त्याने गाजर मागवलं. आधी मी चावलं. पडद्यावरच्या गब्दूने घास घेतला आणि पोटावर हात फिरवला. मग टोस्ट. घेतला. मी पर्समधली पेन्सिल काढून तिचा शेंडा चावला. तोही घास.

"पाहिलंत? काहीही चालतं. ते दुसरं खायची त्या मुलीला गरजच नव्हती," कप्तान म्हणाला. "वाईट झालं हो. पण तुमच्या वकिलांची नोटीस येईपर्यंत आम्हाला असं काही घडलंय याचा पत्ताही नव्हता. आणि आवाजाचं म्हणाल, तर तो मुलाच्या संगणकातच ऐकला जातो आणि तिथेच पुसला जातो. आमच्याकडे काहीही येत नाही."

गब्दूला फक्त तीच चकती चालते, हे माझ्या डोक्यातलं गणित त्या गाजराबरोबर कोलमडलं. काहीही चालत होतं, तर पोरीने एकामागून एक इतक्या गोष्टी चावून का पाहिल्या?

बाहेर जाताना एका टेबलाशी थबकले. एक तरुण मुलगी गब्दूची चित्रं रंगवत होती. भिंतीवर तिने तिन्ही अवस्था टाचून ठेवल्या होत्या: पोटभरला, भुकेला, रुसलेला.

"हडकुळा कुठे दिसत नाही यात," मी सहज म्हटलं. "बरगड्यांवाला."

तिने मान वर केली. "तो तुम्ही कुठे पाहिलात? तो आम्ही काढून टाकला ना."

"काढलात कधी?"

"थोडेच दिवस होता. घाईघाईने करून घेतला माझ्याकडून. कप्तान म्हणाले, गब्दू इतके दिवस उपाशी राहायला लागलेत की रुसलेला पुरत नाही, अजून वाईट दाखव. पोरांना पाझर फुटला पाहिजे." तिने ब्रश पाण्यात बुडवला. "मला तो आवडला नव्हता. काढताना मलाच रडू यायचं."

इतके दिवस उपाशी? काहीही चाललं असतं तर गब्दू उपाशी राहतीलच कसे?

३

आवाजाचं काम बघणाऱ्याला तिथे कानसेन म्हणत. तो मला जिन्यात भेटला. आत कुणी ऐकेल अशी त्याला भीती होती, आणि त्याच्यासारख्याला ती असणारच.

"तुमच्या गब्दूचा कान मध्येच बारीक केला होता," मी म्हटलं. "गाजर चालेना, टोस्ट चालेना. फक्त कुडुमकुडुम. खरं की नाही?"

तो जिन्याचा कठडा पुसायला लागला. "खोके खपत नव्हते. गब्दू सगळ्यांचे पोटभरले आणि खोके दुकानात पडून. पोरं आकडा एकदा घेतात आणि मग टोस्टवर भागवतात, असं कप्तान म्हणाले. मला सांगितलं, कान असा कर की आपलीच चकती ओळखेल. मी केला. आम्ही इथे बसून टोस्ट चावायचो, गब्दूने तोंड फिरवलं की टाळ्या वाजवायचो. बाई, आम्ही दिवसभर वाडगे समोर घेऊन बसणारी माणसं. टोस्ट नाकारला गेला की काम फत्ते. पुढे ते पोर काय करेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खोका घेईल, खाईल. ज्याला खाता येत नाही असंही मूल असतं हो, हे आमच्या डोक्यातच नव्हतं."

"मग आता माझं गाजर कसं चाललं?"

"एके दिवशी सकाळी कप्तानांचा निरोप आला, सगळं पूर्वीसारखं कर, आत्ताच्या आत्ता. कारण विचारू नको."

"कुठला दिवस?"

त्याने सांगितला. ठकी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. त्या सकाळी घरात प्रेत होतं. वकिलांची नोटीस कितीतरी नंतरची. पेपरात एक अक्षर आलं नव्हतं. मग या इमारतीत कुणाला कसं कळलं?

"कान बारीक करायचा म्हणजे टोस्टचे आवाज लागले असतील," मी म्हटलं. "खरे, पोरांनी चावलेले. ते कुठून आणलेत?"

"कप्तानांनी आणून दिले. स्टुडिओत मुलं बोलावून घेतले म्हणाले."

"तुम्ही विश्वास ठेवलात?"

त्याने खिशातून फोन काढला, कानाला लावायच्या वायरी माझ्या हातात दिल्या आणि एक आवाज लावला. टोस्ट चावल्याचा आवाज. बारीकसा, एखाद्या पोराचा. त्यामागे कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं आणि लांबून एक पुरुष म्हणत होता, "पसारा आवर आधी, मग खेळ."

"स्टुडिओत यंत्र कशाला असेल?" कानसेन खाली बघत म्हणाला. "हे लोकांच्या घरातलं आहे. आम्ही घराघरात कान लावून बसलो होतो, बाई."

४

कप्तान आता मुलांशी बोलल्यासारखा बोलत नव्हता.

"कान मी बारीक करवला. धंदा आहे, लपवत नाही. पण घरातले आवाज साठवायला मी कुणाला सांगितलं नाही."

"मग ते तुमच्या हातात आले कसे?"

"स्टुडिओ."

"स्टुडिओचं नाव?"

"आठवत नाही."

"आणि पोरगी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सगळं मागे घेतलंत, ते?"

"योगायोग."

योगायोग. माझ्या नोकरीत हा शब्द मी इतक्या चोरांच्या तोंडून ऐकलाय की तो कानावर आला की माझा हात आपोआप बेड्यांकडे जायचा. आता बेड्या नव्हत्या. पण खोटं बोलणारा आणि कुणाला तरी झाकणारा यांच्या चेहऱ्यांत फरक असतो. कप्तानाचा चेहरा दुसऱ्याचा होता, एवढं मला दिसलं. कुणाला झाकतोय ते दिसेना.

उरली मावशी. बेटावरच्या सगळ्या मुलांची ती मावशी. पोरांच्या तक्रारी वाचायच्या, कुणी कुणाला छळत असेल तर अडवायचं, रडणाऱ्याला चार शब्द लिहायचे, हे तिचं काम. कार्यालयातली एकटी बाई जिच्या टेबलावर वाडगा नव्हता. मुलांनी पाठवलेली चित्रं भिंतभर. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला. मला तिला बघून बरं वाटलं, कारण या इमारतीत एक तरी माणूस माझ्या बाजूचं निघेल असं वाटलं. मी तिला सगळं सांगितलं: गाजर, पेन्सिल, थुंकलेला चुरा, हडकुळा गब्दू.

ऐकता ऐकता ती रडायला लागली. नाटकी रडणं मी ओळखते. हे तसं नव्हतं.

"थुंकत होती हो ती," ती म्हणाली. "शहाणी पोर. गिळलं नाही तर काही होणार नाही असं वाटलं तिला."

"तिच्या आईचं दुसरं मूल काढून घेतायत," मी म्हटलं. "कप्तानाला तुम्ही रोज बघता. हे आवाज त्याला कुणी दिले, एवढंच सांगा."

"त्या आईचा काही दोष नाही. तिला माझ्याकडून सांगा." मावशीने चष्मा काढून पुसला. "बाळाला आंघोळ घालायची, एकटी बाई, दोन हात. टॉवेलसाठी हाक मारली, पोर येईना म्हणून ओरडली. कुठली आई ओरडत नाही? त्यात काय पाप? तिने मनाला लावून घेऊ नये."

"सांगते," मी म्हटलं आणि उठले.

लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. मी आत पाय टाकला नाही.

५

मी परत आत गेले आणि मावशीच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"टॉवेलचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. आत्ता."

"नाही. मी आंघोळीचंही बोलले नाही. आंघोळ एक वेळ वकिलांच्या कागदांत आहे, ती तुम्ही वाचली असेल. पण टॉवेल कुठल्याच कागदात नाही. ओरडणं नाही. ते त्या आईने वकिलांपासूनही लपवलं, लाजेपायी. मला सांगितलं, आणि मी त्याबद्दल कुणाजवळ तोंड उघडलेलं नाही. त्या घरात तेव्हा तिघंच होती. एक बोलत नाही अजून, एक गेली, आणि एक ती. पण चौथा कान होता खोलीत. टेबलावर."

मीच पुढे बोलत राहिले, कारण एकदा गाठ सुटली की मला थांबता येत नाही.

"कप्तानाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, कारण तुम्ही त्याला सांगितलंत. तुम्हाला कळलं, कारण तुम्ही ते ऐकलंत. त्याला आवाज हवे होते आणि ते तुमच्याकडे होते. तो तुम्हाला झाकत होता, कारण तुम्ही बुडलात की तोही बुडतो. तुमच्या टेबलावर वाडगा नाही ते मला आवडलं होतं. आता कळतंय का नाही ते. तुम्हाला तो आवाजच सहन होत नसेल."

मावशीने खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर शाळेची बस थांबली होती.

"पहिल्यांदा मी चांगल्यासाठीच ठेवायला लागले," ती म्हणाली. "एक मुलगा होता. तयार वाक्यांपलीकडे मुलांना काही लिहिता येत नाही बेटावर. तो रोज एकच वाक्य पाठवायचा, 'मला घरी जायचं नाही.' मी घास घेतानाचा त्याचा आवाज साठवून ऐकला. मागे बाप मारत होता. मी निनावी फोन केला, मुलाला सोडवलं. त्यानंतर मला ते बंद करता येईना. वाटायचं, आपण ऐकलं नाही आणि कुणाचं काही झालं तर? कप्तानाला कळलं. तो म्हणाला, ऐका खुशाल, पण मला टोस्टचे आवाज द्या. मी दिले. कशाला हवेत ते विचारलं नाही."

"आणि ठकी?"

"गब्दूने नाकारलेले घास वेगळे साठत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले आणि रोजच्यासारखं ऐकायला बसले. त्यांत एक ध्वनिमुद्रण फार लांबलेलं होतं, कारण ती थांबतच नव्हती, एकामागून एक चावत होती." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी शेवटपर्यंत ऐकलं. आई खोलीत आली तिथपर्यंत. तेवढ्यावर ते संपतं."

"आणि गप्प बसलात."

"बोलले असते तर सगळं बाहेर आलं असतं. बेट बंद झालं असतं. आणि ज्या मुलांना माझ्याशिवाय कुणी नाही..."

"पुरे," मी म्हटलं. मला राग आला की मी मोठ्याने बोलते. या वेळी हळू बोलले. "मावशी म्हणवता ना? एका पोराला बापापासून सोडवलंत, आणि एका बाळाला आईपासून तोडताना बघत बसलात. ती कुठे होती, काय करत होती, याचा एकमेव साक्षीदार तुमच्या खणात पडून होता. ती बाई रोज सकाळी उठून स्वतःलाच विचारते की मी फोनवर तर नव्हते ना. तिलाच आता खात्री वाटेनाशी झालीय."

तिने किल्ली काढली. ती माझ्या हातात ठेवली, खण मीच उघडला.

६

ते ध्वनिमुद्रण कोर्टात बंद दाराआड ऐकलं गेलं. वकिलांनी ठकीच्या आईला बाहेरच बसवलं होतं. मी आत होते.

पाण्याचा आवाज होता, तांब्या आपटल्याचा, बाळाच्या खिदळण्याचा. ती फोनवर नव्हती, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. टोस्ट, गाजर, पेन्सिल, एकेक ओळखू येत होतं. मध्ये मध्ये गब्दू म्हणायचा, भूक लागली. आणि ठकी त्याला समजावत होती, थांब रे, बघते. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज, कपाटाशी. पिशवी फाटल्याचा. नवरा मान खाली घालून बसला होता, तो सासूबाईंनी दंडाला धरून बाहेर नेईपर्यंत उठला नाही. अर्ज त्याने त्याच दिवशी मागे घेतला. कप्तान आणि मावशीचा खटला आता वेगळा चालेल. खेळ बंद झाला. खोक्यावर अजून गब्दू हसतोय, ते छापलेले संपायला वेळ लागेल.

बाहेर बाकावर ठकीची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. त्याला सोडायला तयार नव्हती आणि त्याला उतरून चालायचं होतं. मी शेजारी बसले.

"ताई, तुम्ही ऐकलंत ना सगळं?" ती म्हणाली. "एकच सांगा. माझी हाक तिला ऐकू गेली होती का? ती माझ्यावर चिडून गप्प राहिली का?"

आत ऐकताना मीही नेमक्या त्या हाकेशीच अडकले होते. खरं सांगावं की नाही, याचा विचार मी आयुष्यात फार वेळा केलेला नाही. तेव्हा केला.

"तिने ओ दिली होती," मी म्हटलं. "दोन्ही वेळा. पाणी चालू होतं म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही. त्या यंत्राला आलं."

"काय म्हणाली?"

"आले गं आई, म्हणाली. गब्दूचा एवढा घास झाला की आले."

दुसऱ्या हाकेला 'आले' म्हणतानाच तिचा आवाज जड झाला होता, शब्द अर्धवट आला होता. ते मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

बाळ मांडीवरून सटकून खाली उभं राहिलं. तिने त्याचं बोट धरलं. ती कोर्टाच्या त्या लांब व्हरांड्याकडे तोंड करून, कुणीतरी टोकाच्या खोलीत असावं अशा आवाजात म्हणाली, "बरं. ये सावकाश."